बालीचा सांबाल माताह : मिक्सर कपाटात ठेवा, सुरीला धार लावा

सांबाल म्हणजे इंडोनेशियातलं मिरचीचं तोंडीलावणं. जावात वेगळा, सुलावेसीत वेगळा, लोम्बोकमध्ये आणखी तिसरा. बहुतेक सांबाल दगडावर रगडून होतात. तिथला खल आपल्यासारखा खोल नसतो, पसरट ताटलीसारखा असतो आणि त्यावर आडवा धरलेला बत्ता फिरवतात. मिरची, कांदा, लसूण, टोमॅटो कधी कच्चे, कधी तळून घ्यायचे आणि रगडायचे. ठेचा करणाऱ्याला यात समजावून सांगण्यासारखं काही नाही.

बालीचा सांबाल माताह मात्र या सगळ्यांत वेगळा पडतो. माताह म्हणजे कच्चा. यात काही वाटायचं नाही, रगडायचं नाही, परतायचं नाही. सगळं सुरीने बारीक चिरायचं, मीठ लावून बोटांनी चोळायचं आणि वर खोबरेल तेल घालायचं. चवीने नाही, पण रीतीने हा पदार्थ ठेच्यापेक्षा वरून फोडणी घातलेल्या कोशिंबिरीच्या जवळचा आहे. आपल्याकडे तो बिघडतो तो याच ठिकाणी. मिरची दिसली की आपला हात सवयीने मिक्सरकडे जातो, आणि मिक्सरचा एक फेरा झाला की हा सांबाल संपला म्हणून समजा. कांद्याला पाणी सुटतं, गवती चहाचे धागे वेगळे होऊन दातांत अडकतात आणि सगळ्याला एक उग्र, कडवट वास येतो.

हा वास कुठून येतो ते कळलं की पुढची अर्धी कृती आपोआप समजते. कांद्याच्या पेशींत गंधकाची संयुगं एका कप्प्यात असतात आणि त्यांना फोडणारं एन्झाइम दुसऱ्या कप्प्यात. पेशी फुटली की दोघांची गाठ पडते. डोळ्यांना झोंबणारा वायू तिथूनच निघतो आणि कच्च्या कांद्याचा उग्रपणाही तिथलाच. वाटण्यात जवळजवळ सगळ्याच पेशी फुटतात. धारदार सुरी स्वच्छ कापते, कमी पेशी चिरडते, म्हणून कांदा गोडसर आणि करकरीत राहतो. बोथट सुरी कापत नाही, चेपते. तेव्हा आधी सुरीला धार लावून घ्या. विळीवर हात बसला असेल तर विळी उत्तम, पण गवती चहा विळीवर चिरताना बोटं जपा. तो गुळगुळीत असतो आणि सटकतो.

काय काय लागेल

चार माणसांच्या एका जेवणाला पुरेल इतकं माप देतो.

- सांबारात घालतात ते छोटे कांदे, सोलून साधारण १५० ग्रॅम (१५ ते १८)
- लवंगी मिरच्या ८ ते १०, निम्म्या लाल, निम्म्या हिरव्या
- गवती चहाचे जाड दांडे ३, फक्त खालचा पांढरा भाग
- माक्रुत लिंबाची पानं ४ किंवा ५
- तेरासी (आंबवलेल्या जवळ्याची वडी) अर्धा छोटा चमचा
- खाण्याचं खोबरेल तेल ४ मोठे चमचे, म्हणजे ६० मिली
- कागदी लिंबू १
- मीठ पाऊण छोटा चमचा, साखर दोन चिमटी

लसूण काही घरांत घालतात, काही घरांत नाही. मी घालत नाही. कच्चा लसूण बाकीच्यांना बोलू देत नाही. बालीत कधी कधी यात बोंगकोट, म्हणजे टॉर्च जिंजर नावाच्या झाडाचा गुलाबी कोंब किंवा कळी चिरून घालतात. ती आपल्या मंडईत सहसा दिसत नाही. नसली तर नसली, तिच्या जागी आलं किसून घालू नका.

आता एकेका जिन्नसाकडे नीट बघू, कारण कृती दहा मिनिटांची असली तरी निवडण्यात खरी मेख आहे.

कांदा. इंडोनेशियातला रोजचा लाल कांदा छोटा, कोरडा आणि गोडसर असतो. आपल्याकडचा सांबार कांदा, कुणी त्याला मद्रासी कांदा म्हणतात, त्याच्या जवळचा. सोलायला वैताग येतो हे खरं. पाच मिनिटं कोमट पाण्यात टाकून ठेवले की सालं सैल होतात, मग मात्र फडक्याने पुसून खडखडीत कोरडे करायचे. मोठा लाल कांदा वापरला तर चालतं, पण त्यात पाणी जास्त. उन्हाळ्यात अलिबागचा पांढरा कांदा मिळाला तर तो गोडीला छान, फक्त सांबाल फिकट दिसेल.

मिरची. तिथली चाबाई राविट ही बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी, बारीक आणि जहाल मिरची. आपली लवंगी तिची जागा सहज घेते. मिरची आपल्यासारखीच त्यांच्याकडेही उशिरा आलेली. ती मूळची अमेरिका खंडातली, आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आशियात पोचली. त्यांनी १५१० मध्ये गोवा घेतलं आणि पुढच्याच वर्षी मलाया द्वीपकल्पातलं मलाक्का बंदर. त्याआधी त्या बेटांवर तिखटपणाचा भार मिरी, पिंपळी आणि आल्यावर होता. बालीच्या बासा गेनेप या मसाल्याच्या वाटणात मिरी आणि पिंपळी आजही पडतात. पहिल्यांदा करत असाल तर सहाच मिरच्या घ्या. सांबाल मुरला की तिखटपणा वाढतो, कारण मिरचीतलं कॅप्सेसिन तेलात विरघळतं आणि सगळीकडे पसरतं.

गवती चहा. इथे बहुतेकांची फसगत होते. चहात आपण पानं घालतो, ती या कामाची नाहीत. कितीही बारीक चिरली तरी गवतच चावल्यासारखं लागतं. लागतो तो बुडखा, जमिनीलगतचा फुगीर पांढरा भाग. भाजीवाल्याकडच्या जुडीत तो बहुधा नसतो, कारण कापणारा वरून पानंच कापतो. कुंडीत किंवा अंगणात झुडूप असेल तर जाड दांडा हाताने धरून, थोडा बाहेरच्या बाजूला वाकवून मुळापासून उपटा. बाहेरची दोन-तीन आवरणं सोलून काढा, आत फिकट आणि लवचिक भाग लागेपर्यंत. आडवा काप घेतला की आत जांभळट वर्तुळं दिसतात. ती दिसतात तोवर चिरत जायचं आणि दिसेनाशी झाली की थांबायचं. त्यापुढचा भाग चहाला ठेवा.

चकत्या कागदाइतक्या पातळ हव्यात. एक तोंडात टाकून चावून बघा. चावल्यावर विरून गेली तर बरोबर, चोथा उरला तर सुरी आणखी जवळजवळ चालवा. ही परीक्षा टाळू नका, सांबालाचं निम्मं यश याच एका जिन्नसावर आहे. मोठ्या शहरांतल्या सुपरमार्केटमध्ये मुळाशी फुगलेले दांडे वेगळे बांधून मिळतात. त्यातला एखादा ग्लासभर पाण्यात उभा ठेवला तर मुळं फुटतात आणि कुंडीत लावता येतो.

माक्रुत लिंबाची पानं. एकाला एक जोडलेली, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी दिसणारी जोडपानं. आंबट वास सगळ्याच लिंबाच्या पानांना असतो, पण माक्रुतच्या पानात सिट्रोनेलाल भरपूर असल्याने त्याचा वास तीक्ष्ण आणि फुलासारखा असतो. गवती चहाचा सुगंध सिट्रालचा. दोन्ही लिंबाच्याच घराण्यातले, तरी नाकाला वेगळे कळतात. पानाची मधली जाड शीर ओढून काढा, पानं एकावर एक रचा, घट्ट गुंडाळी करा आणि केसासारखे धागे कापा. जाड कापलेलं पान चामड्यासारखं लागतं. माक्रुत नाहीच मिळालं तर कागदी लिंबाच्या झाडाची अगदी कोवळी पानं आणि त्याच लिंबाची थोडी हिरवी साल किसून वापरा. सालीखालचा पांढरा भाग किसणीत येऊ देऊ नका, तो कडू असतो. हा पर्याय आहे, तोच सुगंध नाही.

तेरासी. ही आंबवून वाळवलेल्या बारीक कोळंबीची गडद तपकिरी वडी. जावाच्या उत्तर किनाऱ्यावरचं चिरेबोन तिच्यासाठी प्रसिद्ध आहे. ज्या जिवापासून ती होते त्याला तिकडे रेबोन म्हणतात, आणि तो आपल्या जवळ्याचा सख्खा भाऊ आहे. दोघेही असेटीस या एकाच प्रजातीतले. फरक पुढच्या संस्कारात. आपण जवळा उन्हात वाळवतो आणि थांबतो, गोव्यात तो गालमो म्हणून बलचांवमध्ये पडतो. तिकडे तो मीठ घालून कुटतात, आंबवतात, परत वाळवतात.

कच्ची तेरासी कधीच घालायची नाही. लहानसा तुकडा फॉइलमध्ये किंवा केळीच्या पानात गुंडाळून तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी मिनिट-दीड मिनिट भाजा. खिडक्या उघड्या ठेवा, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलंत तर अधिक बरं. भाजलेली तेरासी कोरडी होते आणि बोटाने दाबली की भुगा होतो, तेव्हा ती तयार. तेरासी किंवा मलेशियाची ब्लाचान मिळाली नाही तर जवळा निवडून घ्या, वाळू राहू देऊ नका, तव्यावर कुरकुरीत भाजा आणि एक छोटा चमचा पूड करून घाला. आंबवण्याची खोली त्यात नसते, पण समुद्राची चव येते. शाकाहारी लोकांनी हा जिन्नस सरळ गाळावा आणि मीठ किंचित वाढवावं. कांदा, गवती चहा आणि तेल एवढ्यावरही सांबाल उभा राहतो.

परदेशातल्या मराठी मंडळींचं काम इथे आपल्यापेक्षा सोपं आहे. सिंगापुरात हे सगळं कोपऱ्यावरच्या बाजारात मिळतं. नेदरलँड्समध्ये इंडोनेशियाशी असलेल्या जुन्या वसाहतीच्या नात्यामुळे ‘टोको’ नावाची आशियाई वाणसामानाची दुकानं गावोगाव आहेत. तिथे तेरासी ‘त्रासी’ या नावाने, गवती चहा ‘सेरेह’ म्हणून आणि माक्रुतची पानं ‘जेरुक पुरुत’ म्हणून मागा.

तेल. खोबरेल तेल म्हटलं की देशावरच्या घरात डोळ्यांसमोर केस येतात. हा अडसर मनातून काढावा लागतो. बाटलीवर ‘खाद्य’ असं छापलेलं, घाण्यावरचं, खोबऱ्याचा ताजा वास असलेलं तेल घ्या. कोकणात नारळाचं दूध आटवून घरी तेल काढतात, ते मिळालं तर त्याहून चांगलं काही नाही, कारण बालीतलं पारंपरिक तेलही तसंच निघतं. तेल इथे नुसतं चकाकीसाठी नाही. गवती चहाचा, लिंबाच्या पानाचा आणि मिरचीचा अर्क पाण्यापेक्षा तेलात जास्त उतरतो. तेल कमी घातलंत तर वास वाटीतच राहील. शेंगदाण्याचं तेल नको, त्याची चव सगळ्यावर चढून बसते. खोबरेल अजिबात चालत नसेल तर सूर्यफूल घ्या. पदार्थ बरा होईल, फक्त बालीचा उरणार नाही.

आता करायला घ्या

सगळं धुऊन पूर्ण कोरडं करा. मिरचीची देठं धुतल्यानंतर काढायची, आधी नाही, नाहीतर आत पाणी शिरतं. पाणी या सांबालाचा शत्रू आहे.

मिरच्या चिरण्याआधी हाताला थोडं तेल चोळून घ्या, किंवा सरळ हातमोजे घाला. जळजळ पाण्याने जात नाही. आधी तेल चोळून मग साबण लावला तरच उतरते. मिरचीच्या आडव्या पातळ चकत्या करा, बिया राहू द्या. कांद्याच्या चकत्याही आडव्याच आणि इतक्या पातळ की सुरीवर आरपार उजेड दिसावा. मग गवती चहा, शेवटी लिंबाची पानं. कांदा सगळ्यांत आधी चिरून ठेवू नका. तो चिरून पडून राहिला की उग्र होतो.

काचेचं, चिनीमातीचं किंवा स्टीलचं मोठं भांडं घ्या. प्लास्टिक नको, पुढे गरम तेल पडायचं आहे. त्यात मीठ, साखर आणि भाजून कुस्करलेली तेरासी घाला, वर कांदा आणि मिरची. आता बोटांच्या टोकांनी चोळा. पिळायचं नाही, कुस्करायचं नाही. कांद्याच्या चकत्यांची वर्तुळं सुटी झाली आणि तेरासीचा तपकिरी रंग सगळीकडे लागला की हात थांबवा. अर्धं मिनिट पुष्कळ झालं. जास्त चोळलं आणि भांड्याच्या तळाशी पाणी जमलं, तर ते ओतून टाकून पुढे जा. मग गवती चहा आणि पानांचे धागे मिसळा.

तेल गरम घालायचं की तसंच? बालीत दोन्ही चालतं. पारंपरिक तेल नारळाचं दूध आटवताना आधीच शिजलेलं असतं, ते कच्चंच घालतात. हॉटेलांत बहुधा गरम तेल ओततात. माझं मत असं की सांबार कांदा असेल आणि तेल ताज्या वासाचं असेल तर कच्चं तेल घाला, सांबाल जास्त टवटवीत लागतो. मोठा कांदा असेल तर गरम. कढल्यात तेल तापवा, पण धूर निघू देऊ नका. कांद्याची एक चकती टाकून बघा. हळू तडतडून शांत झाली तर ताप बरोबर, कडा लगेच तांबूस झाल्या तर तेल थोडं निवू द्या. मग चमच्याचमच्याने, भांड्यात सगळीकडे फिरवत घाला. हलकासा चर्र आवाज यायला हवा. कांदा अर्धपारदर्शक होऊन लोळला, तर तेल जास्त तापलं होतं. तो सांबाल खायला वाईट नाही, पण कच्चाही राहिला नाही.

लिंबू अगदी शेवटी पिळायचं, तेल कोमट झाल्यावर. गरम तेलावर पिळलं की रसाचा ताजा वास उडतो. बालीत यासाठी लिमाउ नावाचं छोटं, गडद हिरवं, जोरकस वासाचं लिंबू वापरतात. आपलं कागदी थोडं जास्त आंबट, म्हणून आधी अर्धंच पिळा आणि चव बघा. मीठ पुन्हा चाखा. मीठ, आंबट, तिखट या तिघांत कुणी एक पुढे येत असेल तर तेलाचा अर्धा चमचा वाढवून बघा, बहुतेक वेळा तेवढ्याने जुळतं.

पंधरा मिनिटं झाकून ठेवा. त्याआधी खाल्लात तर प्रत्येक जिन्नस सुटा सुटा लागेल.

कशाबरोबर खायचा

बालीत तो भाजलेल्या माशावर पडतो. दक्षिणेच्या जिंबारानच्या किनाऱ्यावर निखाऱ्यावर मासे भाजून देणाऱ्या खानावळींची रांगच आहे, आणि ताटात सांबाल माताह असतोच. उकडून किंवा भाजून तंतू सुटे केलेल्या कोंबडीत तो कालवतात. तळलेला टुना कुस्करून त्यातही मिसळतात. शेवटचा प्रकार आपल्या किनाऱ्यावर हमखास जमणारा आहे. कुपा, म्हणजे आपल्याकडचा टुना, स्वस्त मिळतो, त्याच्या कोरडेपणाबद्दल नेहमी तक्रार असते, आणि तेलकट, आंबट, तिखट सांबाल तो कोरडेपणा घालवतो. तुकड्यांना मीठ-हळद लावून तळा, काटे काढून मोठे मोठे कुस्करा, तितकाच सांबाल घाला, गरम भाताबरोबर वाढा. बांगडा आणि सुरमईही चालतात. पापलेटावर मात्र मी घालणार नाही, त्याची नाजूक चव झाकली जाते.

शाकाहारी ताटात तळलेलं टोफू, निखाऱ्यावर भाजून सोललेलं वांगं, उकडलेलं रताळं यांच्याशी त्याचं छान जुळतं. पोळी-भाकरीबरोबर तेल ओघळतं, त्यापेक्षा भातच बरा.

टिकतो का?

नाही. आपल्याला तेलात बुडालेलं दिसलं की लोणचं आठवतं आणि बरणी आठवते. हे लोणचं नाही. लोणच्यात मीठ भरपूर, आंबटपणा भरपूर आणि फोडींतलं पाणी आधीच काढलेलं असतं. इथे ओला कच्चा कांदा तेलाखाली आहे, मीठ बेताचं. तेलामुळे हवा लागत नाही, आणि अशा बिनहवेच्या, कमी आंबट, ओलसर जागी बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जिवाणू वाढू शकतात. लसूण घातला असेल तर धोका तसाच. म्हणून बाहेर ठेवायचाच नाही. केला त्याच दिवशी खा. उरलाच तर लगेच झाकून फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवा.

फ्रिजमधून काढलेला सांबाल पांढरा, थिजलेला दिसेल. घाबरू नका. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. वाटी कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा. पुण्या-नाशिकच्या थंडीत तर तो ताटातच थिजतो, म्हणून डिसेंबर-जानेवारीत निम्मं खोबरेल आणि निम्मं सूर्यफूल असं तेल वापरावं. दुसऱ्या दिवशी कांद्याचा करकरीतपणा गेलेला असतो. तेव्हा तव्यावर टाकून, त्यात शिळा भात परतून अंडं फोडलं की तो चांगल्या मार्गी लागतो.

गवती चहाच मिळाला नाही तर

तर माताहच्या नादी लागू नका, दाबू-दाबू करा. हा उत्तर सुलावेसीतल्या मानादोचा कच्चा सांबाल, तोही सुरीचाच. अर्धवट पिकलेले, घट्ट दोन-तीन टोमॅटो घ्या. बिया आणि पाणी काढून त्यांचे लहान चौकोन करा. सहा सांबार कांदे आणि पाच-सहा लवंगी मिरच्या चिरून मिसळा, मीठ आणि लिंबू घाला. मानादोत कालामान्सीसारखं छोटं गोल लिंबू पिळतात, त्याची साल हिरवी आणि रस आंबट-गोड असतो. घरी कागदी लिंबाच्या रसात थोडा मोसंबीचा रस मिसळला की बरंच जवळ जाता येतं. वरून दोन चमचे तेल, हवं तर गरम. सब्जाच्या रोपाची चार पानं हाताने तोडून टाकली तर उत्तम. टोमॅटोला मीठ लावून ठेवायचं नाही. वाढायच्या वेळीच मीठ घालायचं, नाहीतर वाटीत सार होईल.